पत्ता तर हाच आहे

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलंय. माझ्या सख्ख्या मावशीच्या दारात. मी तिथे होतो.

रात्र नव्हती. सोमवारची टळटळीत दुपार होती.

मावशी तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. घरीच पडदे शिवते. काका बस चालवायचे, आता रिटायर्ड.

या सगळ्याची सुरुवात आधीच झाली होती. एक माणूस दारात आला. हातात दम्याच्या औषधाची रिकामी डबी.

"औषधांची ती वेबसाइट तुमचीच ना?"

मावशीला काही कळेना. त्याने मोबाइल पुढे केला. वेबसाइटचं नाव कुणी घेतलंय, तो राहतो कुठे, ही नोंद तेव्हा कुणालाही बघता यायची. मालकाचं नाव भलतंच होतं.

पत्ता मात्र मावशीचा. खोली नंबरासकट.

"औषध खोटं निघालं," तो म्हणाला. "मुलगी गेली माझी."

मग त्याला शिलाई मशीन दिसलं, पडद्यांचा ढीग दिसला. त्याचा चेहराच उतरला. मावशीने पाणी पुढे केलं. तो न पिताच निघून गेला.

नंतर आणखी लोक आले. कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसतंच रडलं. काका म्हणायचे, "जन्मात स्वतःचं घर झालं नाही, वेबसाइट मात्र झाली!"

हसायचं कुणीच नाही.

जिथे ते नाव नोंदवलं होतं, त्या कंपनीकडे मी तक्रार केली. उत्तर आलं, 'आम्ही मालकाला विचारलं. पत्ता बरोबर असल्याचं त्याने कळवलं आहे.'

म्हणजे चोरालाच विचारलं, बाबा रे, तू चोर आहेस का!

पुढे नियम बदलले. नोंदींमधले पत्ते झाकले गेले. लोक यायचे थांबले. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

त्या सोमवारी मी मावशीकडे जेवायला गेलो होतो. काका आत झोपले होते. मशीन खडखडत होतं.

मावशीने एकदम हात थांबवला.

"आली."

"कोण?"

तिने दाराकडे बोट केलं.

मग मलाही ऐकू आलं... दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. जमत नव्हता, तरी घेत होतं. शिट्टीसारखा बारीक आवाज... मध्येच तुटायचा... पुन्हा यायचा...

आणि येत होता खालून. कडीच्याही बरंच खालून.

मी दार उघडलं.

कुणी नव्हतं. रिकामा जिना. बाहेर ऊन.

आवाज मात्र तिथेच. माझ्या कमरेपाशी.

"काकू... औषध इथेच मिळतं ना?"

मावशी उंबऱ्यापाशी खाली बसली.

"नाही गं बाळा. इथे नाही मिळत."

"पत्ता... तर... हाच आहे..."

मग श्वास थांबला.

"रोज येते," मावशी म्हणाली. "खरं औषध आणून ठेवलं होतं मी. तिला ते उचलता येत नाही रे."

"मावशी, सोड हे घर. माझ्याकडे चला दोघं."

"आणि तिला दार कोण उघडणार?"

गेल्या महिन्यात कंपनीचं मेल आलं. तक्रारीची दखल घेतली, पत्ता बदलला आहे.

मेल आलं त्या दुपारपासून मावशीच्या दारात आवाज नाही. काका खूश आहेत. मावशी मात्र मशीनला हात लावत नाही. दाराशी बसून असते.

"आता कुणाच्या घरी गेली असेल रे ती?" परवा तिने विचारलं. "ते लोक दार उघडत असतील का?"



ते घर कुणाचं, कुठलं, तिथे कोण राहतं... त्यांना सावध करायलाही मार्ग नाही. मी अजून रोज ती नोंद उघडतो. पत्त्यासमोर एकच ओळ असते...

'माहिती उपलब्ध नाही.'