जुनी पाट

त्या शनिवारी सकाळी हॉलमध्ये एकूण चौदा वस्तू होत्या. तीन जणांचा नवा सोफा एक, त्याच्या जोडीच्या गुबगुबीत खुर्च्या दोन, काचेची टीपॉय एक, टीव्हीचं कपाट एक आणि त्यावरचा टीव्ही एक, एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या चार, शिवणयंत्र एक, उभा पंखा एक, हार घातलेला सासऱ्यांचा, मारुतीबाबांचा फोटो एक आणि त्यांची औषधं ठेवायचं लोखंडी रॅक एक, आता रिकामं. सुषमाने त्या दोनदा मोजल्या. दोन्ही वेळा चौदाच भरल्या, आणि दोन्ही वेळा तिची नजर खिडकीखालच्या साडेसहा फूट बाय तीन फुटांच्या मोकळ्या जागेपाशी येऊन अडखळली... तिथे कोपऱ्यातल्या रॅकखेरीज काहीच नव्हतं, आणि तरीही त्या जागेचा वास येत होता.

हा वास फक्त तिलाच येत होता. मलमाचा, फिनेलचा, उन्हात न वाळलेल्या चादरींचा आणि त्या सगळ्यांच्या तळाशी बसलेला तो एक वास, जो चार वर्षं तिच्या नखांतून, केसांतून, पोळीच्या घासातून गेला नव्हता. धाकटा दीर नितीन पहाटेपासून गुलाबाच्या सुगंधाचा फवारा मारत फिरत होता, आणि जुन्या वासावर तो गोड वास चढला की सुषमा श्वास रोखून धरत होती.

उद्या बारडोलीहून पाहुणे यायचे होते. साखर कारखान्याच्या कचेरीत नोकरीला असलेल्या गृहस्थांची मुलगी शीतल नितीनला पसंत होती. आता तिच्या माणसांनी घर बघायचं राहिलं होतं. सुरतेच्या गोडादऱ्यातलं हे दुसऱ्या मजल्यावरचं घर मारुतीबाबांनी मागावर उभं राहून घेतलेलं. लुमच्या खडखडाटात कान गेले, मग अर्धांगाचा झटका आला, आणि शेवटची चार वर्षं ते याच हॉलमध्ये, खिडकीखालच्या पाटेवर पडून होते. पाट म्हणजे सुरतेत ज्याला पाट म्हणतात ती... सागवानी, चार पायांची, माणूस लांब झोपेल एवढी. जेवायला बसायचा तो पाट आणि बाबांची ती पाट, असा या घरात नुसत्या तो-ती वर फरक चालायचा.

ती पाट मंगळवारी गेली होती.

"वहिनी, सोफा खिडकीखालीच टाकू," नितीन म्हणाला. "दारातून आल्या आल्या समोर दिसला पाहिजे. बाकी सगळं भिंतीला चिकटवून टाका, म्हणजे हॉल मोठा वाटतो."

"मोठा वाटतो, पण बोलता येत नाही," सुषमा म्हणाली. तिने वहीचं चौकटीचं पान पुढे केलं. एका फुटाला एक सेंटिमीटर धरून तिने हॉल काढला होता, आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापून सामान केलं होतं. "सोफा या लांब भिंतीला. दोन खुर्च्या त्याच्या समोर नाही, काटकोनात, म्हणजे माणसांना मान न वळवता एकमेकांची तोंडं दिसतील. टीपॉय सोफ्यापासून सोळा इंचांवर, हात पोचला पाहिजे आणि गुडघा लागला नाही पाहिजे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तीस इंचांची वाट मोकळी. चहाचा ट्रे घेऊन जाणारी बाई कुठे आडवी चालत नाही."

"आणि खिडकीखाली?"

"खिडकीखाली काही नाही."

नितीनने पान उलटसुलट करून पाहिलं. "पाच नकाशे काढलेत, पाचही वेळा खिडकीखाली काही नाही. घरातली एकुलती एक वाऱ्याची जागा, वहिनी!"

सुषमाने पान परत घेतलं. ती बी.एस्सी. होती. लिंबायतच्या एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. बाबा पडले तेव्हा, 'दोन महिन्यांचा प्रश्न आहे' असं म्हणत विकासने, तिच्या नवऱ्याने, तिला रजा टाकायला लावली. दोन महिन्यांनंतर रजेचा राजीनामा झाला. कोणी जबरदस्ती केली नव्हती... फक्त पहिल्याच आठवड्यात नितीन एकदा बाबांचं शौचाचं भांडं उचलायला गेला, तोंडावर रुमाल धरून मागे फिरला आणि म्हणाला, "मला किळस येते, वहिनी. तुम्हाला येत नाही, तुमचं मन मोठं आहे." सासूबाई, सुभद्राबाई, शेजारणींना तेच सांगू लागल्या, आमच्या सुषमाला किळस म्हणून येत नाही. विकासही अभिमानाने तेच म्हणायचा. आणि जिला किळस येत नाही तिनेच ते काम करावं, यात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही!

मंगळवारी ती रेशन आणायला गेली असताना जुनं सामान घेणारा वर आला. घरात एकट्या सुभद्राबाई. "बेने फोन कर्यो हतो, जूनी पाट लई जवानी छे," ताईंनी फोन केला होता, जुनी पाट न्यायची आहे, असं सांगून तो आणि त्याचा भाऊ बाबांची पाट जिन्यावरून उतरवून घेऊन गेले. सुषमा परतली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या सुषमाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

नितीनने मात्र त्याची गंमत करून टाकली होती. "वहिनी म्हणाल्या असतील जेवायचे जुने पाट घेऊन जा, आणि त्याने ऐकलं जुनी पाट! चाळीस वर्षं सुरतेत राहून आमचं मराठी नि त्यांचं गुजराती अजून भांडतंय." विकास हसला, जिन्यातले लोक हसले. सगळ्यांनी तिला क्षमा केली होती, आणि न केलेल्या चुकीबद्दल मिळालेली ती क्षमा सुषमाला गुलाबाच्या फवाऱ्यासारखीच वाटत होती... वर गोड, आणि खाली तोच वास.

"बरं, आधी हे रॅक तरी काढू," विकास म्हणाला. दोघा भावांनी रॅक उचललं.

खाली मोझॅकच्या लादीवर पिवळा डाग होता. कडेला तपकिरी, मध्ये मेणासारखा, लादीच्या अंगात मुरलेला. बाबांचं भांडं तिथे असायचं. पाट गेली त्या संध्याकाळी सुषमाने रॅक सरकवून तो झाकला होता.

नितीनने तोंड फिरवलं. "छी... हे काय राहिलंय अजून? दादा, मोज रे, सोफ्याखाली जाईल का."

विकासने टेप लावला. "अठरा इंच लांब. अकरा रुंद."

"मग झालं. सोफा इथेच. झाकून जाईल. नाहीतर वहिनी, तुम्ही एकदा ॲसिड टाकून घासून घ्या ना, तुम्हाला काही..."

"काय मला?" सुषमाने विचारलं.

"म्हणजे तुम्हाला किळस नाही ना येत."

तिने हातातला पुठ्ठ्याचा सोफा टीपॉयवर ठेवला. अगदी हलक्या हाताने ठेवला.

"येत होती," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी आली, आणि शेवटच्या दिवशीही आली. चार वर्षांत एक दिवस असा नाही गेला, नितीनभाऊ, की मला बाबांची किळस आली नाही. मला त्यांच्या पाठीची किळस यायची, चादरीची यायची, आणि मग त्याच हातांनी मी तुमच्या पोळ्या लाटायची, तेव्हा माझ्या हातांची यायची. ते माझ्याकडे बघून रडायचे ना, तुम्ही म्हणायचे सुनेची माया बघून रडतात. ते रडायचे कारण त्यांना माझ्या तोंडावर दिसायचं... बाकी कोणाला दिसलं नाही, त्यांना दिसायचं."

"सुषमा, हळू बोल," विकास म्हणाला. "आई आत आहे."

"असू द्या. आणि ती चूक नव्हती. मी जेवायचे पाट सांगितलेच नव्हते. मी जुनी पाटच म्हणाले. तीच पाट. मला ती या घरात आणखी एक दिवस नको होती."

सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोणास ठाऊक. नितीन पटकन पुढे झाला, "आई, वहिनी रागात बोलतात, चूकच झाली होती ती..."

"तू गप ऱ्हाय, नित्या," त्या म्हणाल्या. एरवी त्या इतरांसारखंच बोलायचा प्रयत्न करायच्या. आतून हलल्या की मात्र त्यांची अहिराणी वर यायची. "चूक कशी व्हयी? जेवाना पाटले आठे गुजरातीमा पाटलो म्हनतंस. हाई पोरगी वीस वर्षं गुजराती बोलस. तिले पाटलो शब्द माहीत नही का? माले मंगळवारीच समजनं."

सुषमाने मान खाली घातली. चार दिवसांचा तो अबोला गैरसमजाचा नव्हता. सासूबाईंना सगळं समजलं होतं. आता त्या काय म्हणतील... बाबांना जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर त्यांची जागा रिकामी करणारी, हेच ना?

"मग चार दिवस माझ्याशी बोलल्या का नाहीत, आई?"

"काय तोंड घेऊन बोलू?" सुभद्राबाई खाली बसल्या, डागापासून दोन हातांवर. "तू मोरीमा जाये, नळ मोठा सोडे आणि वके. माले माहीत व्हतं. पयल्या म्हयन्यापासून माहीत व्हतं. मी टीव्हीना आवाज वाढावू... पोरंस्ले ऐकू जावाले नको."

विकासने हातातला टेप खाली ठेवला.

"का?" सुषमाने वर पाहिलं. "तुम्हाला कळत होतं, तर का आई?"

"पोरंस्ले समजतं तर ते म्हनतात, तिले नको, मग आई तूच कर. आणि माले..." त्यांनी पदराने तोंड दाबलं. मग पदर काढला आणि फोटोकडे बघत सरळ म्हणाल्या, "माले भी किळस येत व्हती, सुषमा. मन्हा नवरा व्हता तो, पंचेचाळीस वर्षं संसार कया, तरी येत व्हती. म्हनून मी सगळास्ले सांगत फिरनू, हिले किळस येत नही. मी ते म्हननू म्हनून तुले करनं पडनं. ती पाट तू काढी, बरं कयं. माले तिच्याकडे बघानी लाज वाटे."

सुषमाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ती पुसत नव्हती. चार वर्षं तिला वाटत आलं होतं की आपणच या घरात एक घाणेरडं मन घेऊन वावरतो, आणि भिंतीपलीकडे दुसरं तसंच मन टीव्हीचा आवाज वाढवत बसलं होतं... तिला सासूचा राग आला, खरा, जळजळीत राग. आणि त्याच क्षणी तिला त्या म्हातारीच्या गुडघ्यांवर डोकं टेकावंसं वाटलं. ती खाली बसली. सुभद्राबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, उलटे केले आणि तळव्यांना कपाळ लावलं.

"आई, नका. हे काय..."

"ऱ्हाऊ दे."

मग सुषमाने हात सोडवून घेतले आणि नितीनकडे पाहिलं. तो टीपॉयपाशी उभा होता, हातात अजून तो फवारा.

"नितीनभाऊ, शीतल या घरात येईल तेव्हा तिला कोणी म्हणायचं नाही, की तिला किळस येत नाही. कधीच नाही. एवढं द्याल?"

नितीनने मान हलवली.

"मान काय हालावस?" सुभद्राबाई म्हणाल्या. "ब्रश आन. दोन आन. विकास, बादलीमा पानी. सोफा आठे येवाव नही, डाग झाकाना नही."

"आई, तुमचे गुडघे..."

"तू बठ. तठे, नवा सोफावर बठ. पाय वर ली."

सुषमा बसली. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, ते करकरलं. तिने पाय वर घेतले. या हॉलमध्ये चार वर्षांत ती अशी बसली नव्हती. विकासने न विचारता खिडकी पूर्ण उघडली, आणि तिच्याकडे न बघता बादली ठेवली. मग थांबून बघितलं. "मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली.

नितीन आणि त्याची आई समोरासमोर गुडघ्यांवर बसून घासू लागले. पाणी पडताच मुरलेला वास उठला. नितीनला पहिली उबळ आली तेव्हा तो मोरीकडे धावला, आणि नळ न सोडताच ओकला. परत येऊन त्याने ब्रश उचलला. दुसऱ्यांदा गेला, परत आला. सुभद्राबाईंनाही उबळ आली. त्या तोंड बाजूला करून थांबल्या, श्वास घेतला आणि पुन्हा वाकल्या. कोणी टीव्ही लावला नाही. सुषमा कुशनला टेकून ते सगळं ऐकत होती, आणि तिलाही ढवळत होतं, आणि तिने ते लपवलं नाही.

चाळीस मिनिटांनी लादी फडक्याने कोरडी केली. विकासने टेप तिच्याकडे दिला. सुषमा खाली उतरली, वाकली आणि मोजलं.

लांबी साडेअकरा इंच. रुंदी सात.