बुवाची गाडी

राखीची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भांडण मी काढलं.

सुरतेच्या उधन्यात तिचं फोटोचं दुकान आहे. जुने फोटो साफ करून, फ्रेम करून देते. माझ्या बायकोचा, विशाखाचा, लहानपणीचा एकुलता एक फोटो मी तिथे देऊन आलो होतो. त्यात लहानगी विशाखा एका लांबलचक जुन्या मोटारीला टेकून उभी आहे. मोटारीच्या पुढच्या अंगाला तीन गोल भोकं, आणि त्यातल्या एकात तिने बोट घातलंय.

तयार फोटो हातात घेतला तर भोकं गायब. पोर आपली कोऱ्या पत्र्याला बोट लावून उभी.

"भोकं कुठे गेली?"

"बुरशी होती ना ती? भरून काढली, धम्मरत्नभाई."

"बुरशीत कुणी बोट घालतं का?"

तिने फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लहान मूल घालतं," ती म्हणाली.

मला जास्तच राग आला, कारण ते खरं होतं.

तसा मी घरूनच चिडून आलो होतो. विशाखा जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. शेवटी दवाखान्यात तिने सांगितलं होतं, आजारी चेहऱ्याचा फोटो नको, मोटारीवाला लाव. आणि तिचा भाऊ सुशांत म्हणत होता, तोच लावायचा नाही. कारण त्यांच्या घरात सगळे त्या मोटारीला अहिराणीत 'बुवानी गाडी', म्हणजे बुवाची गाडी, म्हणायचे. विशाखाचे आजोबा काशीराम ती चालवायचे. "कुण्या बुवा-महाराजाच्या गाडीला खेटलेला फोटो बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी? दाजी, समाज काय म्हणेल?" हा बुवा कोण, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं मी राखीला ओरडूनच सांगितलं. तिने स्टूल पुढे सरकवलं.

"ओरडा. पण बसून ओरडा."

मी बसलो. तिने चहा मागवला. चहा येईपर्यंत ती माझ्याकडे अजिबात बघत नव्हती, आणि मी बघत होतो, हे मला उशिरा कळलं… त्याचाही राग आला.

तिने आपण साफ केलेला फोटो मोबाइलमध्ये टाकून ही कुठली गाडी म्हणून शोधलं. दर वेळी वेगळंच नाव. मग तिने मूळ फोटो घेतला, भोकांवरची धूळ ओढणीने हलकेच पुसली आणि परत शोधलं. या वेळी आलेल्या प्रत्येक गाडीच्या अंगाला तशीच भोकं होती.

"ब्यूक," तिने वाचलं. "अमेरिकेची. त्या काळी शेठ लोकांकडेच असायची." मग ती थांबली, आणि पुन्हा हळू म्हणाली, "ब्यूक… काशीराम आजोबा घरात अहिराणी बोलायचे ना?"

मी तिथूनच सासूबाईंना, अंजनाबाईंना फोन लावला. विचारलं, तुमचे वडील नक्की काय म्हणायचे? त्यांनी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. "ब्यूकनी गाडी… बुवानी गाडी… एकच शे ना, भाऊ." आणि मग त्यांनाच कळलं. वडील कापसाच्या जिनिंगवाल्या शेठकडे ड्रायव्हर होते, बुवा-बिवा कुणी नव्हताच, असं म्हणून त्या फोनवर हसत राहिल्या. हसता हसता रडल्या.

राखीने भोकं परत होती तशी केली.

रविवारी फोटो लागला, विशाखाने सांगितलेल्या जागीच. सुशांत बराच वेळ त्याच्यापुढे उभा होता. "चुकलंच, दाजी," म्हणाला. त्याच्यावरचा राग गेला. पण राग काही गेला नाही. वंदना झाल्यावर मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. राखीलाही बोलावलं होतं; ती मागून आली.

"आता कुणावर?"

"तिच्यावर. जन्मभर बुवाची गाडी म्हटली, आणि हे ऐकायला थांबली नाही."

लोक वर्षभर मला सावरा, विसरा सांगत होते. ही तसलं काही बोलली नाही. एक पायरी सोडून बसली.

"असू दे राग," ती म्हणाली. "मी नाही घालवायला सांगणार. एकदा भोकं बुजवून बघितली ना मी… गाडीची ओळखच राहिली नाही."

मी तिच्याकडे बघितलं. या वेळी तीही बघत होती.

"राखी, मला भाई म्हणू नका."

"सुरतेत सगळ्यांनाच म्हणतात."

"सगळ्यांना म्हणा. मला नको."

ती उठून आत गेली. मला वाटलं, दुखावली. स्वतःवरच चिडणार होतो, तेवढ्यात ती खिरीची वाटी घेऊन परत आली.

"खीर घ्या," ती म्हणाली. मग वाटी माझ्या हातात देईपर्यंत थांबली आणि खाली बघत म्हणाली, "…धम्मरत्न."