नाथाच्या वाटची अर्धी

अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात शिरताना माणसाच्या खिशातली काडेपेटी आधी काढून घेत. नवीन माणसाला याचं हसू यायचं. जुन्यांना यायचं नाही, कारण आत गंधक, फॉस्फरस आणि लाकडाचा भुसा यांचं राज्य होतं. विड्या आणि काड्या फाटकावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या, मगच पाऊल आत. त्यामुळे मधल्या सुट्टीचा भोंगा झाला की अर्धा कारखाना चेतूमलच्या टपरीकडे धाव घ्यायचा. चेतूमल सिंधी, रोज उल्हासनगरच्या कॅम्पातून यायचा. त्याने टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगली होती, तिचं टोक दिवसभर धुमसत असायचं. अर्ध्या मुलखाला काड्या पुरवणारी माणसं रांग लावून त्या दोरीवर विड्या पेटवायची.

श्रीपाद करंदीकर प्रयोगशाळेत केमिस्ट होता. कारखान्याचे बाकीचे साहेब लोक सिगारेट ओढत, हा विडी ओढायचा, आणि तीही अर्धी. उरलेली अर्धी नाथाची. नाथा काड्या बुडवायच्या मशीनवर होता, शिवमंदिराच्या पलीकडच्या वाडीतला शेतकरी गडी. पुरी विडी ओढली की ऊर भरतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून श्रीपादने विडी पेटवायची, अर्ध्यावर आली की न बोलता हात बाजूला करायचा, आणि नाथाने ती अलगद उचलायची. ब्राह्मणाची उष्टी विडी नाथाला आणि नाथाची संगत ब्राह्मणाला, म्हणून लोकांनी चिडवून घेतलं. दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं.

एकोणीसशे त्रेपन्नच्या हिवाळ्यात नाथाला ताप आला आणि त्यातच तो गेला. दहाव्याला श्रीपाद अर्ध्या दिवसाची रजा टाकून नदीवर गेला. देवळामागे वालधुनीच्या काठावर पिंड मांडला होता. पिंपळावर कावळे होते, पण एकही खाली उतरत नव्हता. नाथाचा भाऊ कोंडाजी हात जोडून म्हणाला, बैल विकणार नाही, जमीन वाटणार नाही. कावळे बसून राहिले. नाथाची बायको वेणूबाई लांबून काहीतरी पुटपुटली. कुणीतरी विडी पेटवून पिंडाशेजारी ठेवली, ती आपली आपण विझली. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, तेव्हा कोंडाजी श्रीपादकडे वळला.

"सायेब, तुमी बोला. तुमचा लई जीव व्हता त्याच्यावर."

श्रीपादला या प्रकाराची भारी लाज वाटत होती. कावळ्याला भूक लागली की कावळा येतो, एवढंच त्याचं मत. पण दुपारचा भोंगा गाठायचा होता आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. तो पुढे झाला आणि तोंडाला आलं ते बोलला.

"नाथा, तुझी अर्धी मी बंद पडू देणार नाही. रोज तुझ्या वाटची काढून ठेवीन."

कावळा उतरला. एक नाही, सगळेच उतरले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि श्रीपाद घाईघाईने कारखान्याकडे निघाला.

त्याच थंडीत वृंदाचा दमा बळावला. वृंदा म्हणजे श्रीपादची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोघंच. एकमेकांवाचून दोघांनाही करमत नसे, फक्त ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती. आता तिला आडवं होता येईना. उशा रचून, भिंतीला टेकून ती बसल्या बसल्या रात्र काढायची आणि तिची छाती शिट्टी वाजवत राहायची. कल्याणच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, मग श्रीपादच्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडे पाहिलं. घरात विडी राहील किंवा ही राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घरी येताच वृंदाने त्याचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला.

"गळ्याशपथ म्हणा."

"तुझ्या गळ्याशपथ," श्रीपाद म्हणाला. "आजपासून शिवणार नाही."

विडी सोडणं म्हणजे काय, हे ज्याने सोडली त्यालाच माहीत. पहिले काही दिवस श्रीपाद माणसात नव्हता. तोंडात लवंग, लवंगेवर खडीसाखर, खडीसाखरेवर सुपारी. डोकं ठणकायचं, हातातली परीक्षानळी थरथरायची, विनाकारण शिपायावर ओरडणं व्हायचं. सुट्टीचा भोंगा झाला की तो प्रयोगशाळेची खिडकी लावून घ्यायचा, तरी चेतूमलच्या दोरीचा वास फटीतून यायचाच. बोटांना धरायला काही नाही म्हणून तो शिसपेन्सिल धरून बसायचा, आणि ती अर्ध्यावर चावलेली सापडायची. पण त्याने विडी शिवली नाही. वृंदाच्या जिवापुढे त्याला दुसरं काही मोठं नव्हतं.

मग एका संध्याकाळी घरात वास आला.

वृंदा चहा गाळत होती. तिने मान वर केली आणि श्रीपादकडे पाहिलं. टेंभुर्णीच्या पानाचा, ताज्या विडीचा वास. श्रीपाद बाहेर जाऊन आला. शेजारचे बाळाजीपंत तपकीरवाले, पलीकडचं घर बंद. कपड्यांत मुरलेला वास असेल म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी सगळे कपडे सोड्यात उकळून घेतले. संध्याकाळी पुन्हा वास आला, अगदी दिवेलागणीला. मागच्या उंबऱ्यावर थोडी राख पडलेली होती. त्याने ती चिमटीत घेऊन चोळली. राखेत कोमट ऊब होती.

वृंदाची छाती त्या संध्याकाळी फार वाजली.

"तुम्ही ओढता," ती दम खात म्हणाली. "मागच्या दाराशी उभं राहून ओढता, आणि माझी शपथ घेता."

त्याने परोपरीने सांगून पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही. कसा बसावा? वास होता, राख होती, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. रोज दिवेलागणीला वास यायचा आणि रोज तिला आदल्या दिवसाहून कमी श्वास मिळायचा. ओठ जांभळे पडू लागले. डॉक्टरांनी दिलेली सुई तासाभरापुरती चालायची.

शेवटी श्रीपाद वाडीत गेला. आपण इथे का आलो, याचं उत्तर त्याने स्वतःला दिलं नाही. वेणूबाई अंगणात भात पाखडत होती. त्याने आडवळणाने विचारलं, सगळं ठीक आहे ना, नाथाचं काही मागे राहिलं नाही ना. तिने सूप खाली ठेवलं.

"आमचं काय नाय राह्यलं, सायेब. पर तुमी सबूद दिलाय. तो ठेवताय ना?"

श्रीपाद मागे वळला. येताना चेतूमलच्या टपरीवर थांबला आणि त्याने बंडल घेतलं. चेतूमलने नुसतं पाहिलं आणि पैसे घेतले.

नदीकाठी, पिंड ठेवला होता त्याच दगडाशी तो दिवेलागणीला बसला. विडी पेटवली. पहिल्या झुरक्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने आलं की सुखाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. विडी अर्ध्यावर आल्यावर त्याने ती दगडावर ठेवली आणि म्हणाला, "ही घे. माझ्या घरी येऊ नकोस." वारा पडलेला होता. दगडावरची विडी विझली नाही. थांबून थांबून तिचं टोक लाल व्हायचं, आणि असं होत होत ती बुडाला बांधलेल्या दोऱ्यापर्यंत जळली. श्रीपाद शेवटपर्यंत तिथे बसून होता.

घरी वृंदा पलंगावर बसली होती. खोलीत वास नव्हता. शिट्टीही नव्हती.

"ओढून आलात," ती म्हणाली.

तो मान खाली घालून उभा राहिला.

"मघाशी, दिवेलागणीला, माझी छाती एकदम मोकळी झाली. कुणी दगड उचलून घ्यावा तशी."

शपथेबद्दल ती काहीच बोलली नाही. त्या रात्री ती कित्येक आठवड्यांनी उशा काढून आडवी झोपली, आणि श्रीपाद तिच्या शांत श्वासाकडे बघत जागा राहिला. त्याला फार आनंद झाला होता.

पुढचं वर्ष चांगलं गेलं, असंच शेजारीपाजारी म्हणत. वृंदा अंगाने भरली, पाणी भरू लागली, देवळात चालत जाऊन येऊ लागली. सगळ्यांनी कल्याणच्या डॉक्टरांची तारीफ केली. श्रीपाद रोज एक विडी पेटवायचा, अर्धी ओढायचा, अर्धी ठेवायचा. पावसाळ्यात नदीला पाणी चढलं, तेव्हापासून नदीवर जाणं सुटलं आणि विडी मागच्या उंबऱ्यावर ठेवणं सुरू झालं. वृंदाने हरकत घेतली नाही. उलट श्रीपादला कधी उशीर झाला की तीच दाराशी येऊन उभी राहायची, आणि तिच्या छातीत बारीकशी शिट्टी सुरू झालेली असायची. सकाळी त्याच्या खिशात विड्यांचं बंडल आहे ना, हे ती चाचपून बघायची. जिने गळ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, तीच ही बाई. श्रीपादला अशा वेळी तिची भीती वाटायची, आणि भीती वाटल्याची लाजही वाटायची.

मग त्यालाच खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. रुमालावर लाल ठिपका दिसला तेव्हा तो एकटाच कल्याणला गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरून फुप्फुसावरचा डाग दाखवला. आज सोडा, आत्ता सोडा, असं ते म्हणाले. एक झुरकाही नको.

परतताना श्रीपादने शांतपणे विचार केला. तो शेवटी केमिस्टच होता. एका माणसाचा धूर आणि दुसऱ्या माणसाची छाती यांचा संबंध कुठल्या पुस्तकात नव्हता. दम्याला चढउतार असतात. मनाची समजूत पटली की अर्धा दमा बरा होतो, हे डॉक्टरही मानतात. आपण मेलो तर वृंदाकडे कोण बघणार? त्याने बंडल वालधुनीच्या पुलावरून खाली टाकलं. घरी आल्यावर वृंदाला सगळं सांगितलं, फोटोतल्या डागासकट. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सोडा," ती म्हणाली. "तुम्हाला काही व्हायला नको."

ती हे मनापासून म्हणत होती. मग ती आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होती.

दिवेलागण झाली. वृंदाने देवापाशी दिवा लावला आणि पाटावर बसली. उजव्या हाताची मूठ तिने मांडीवर घट्ट धरली होती. श्रीपाद समोर बसला, तोंडात लवंग.

शिट्टी सुरू झाली. श्रीपाद उठला नाही. वाढत वाढत ती इतकी वाढली की दिव्याच्या ज्योतीला कंप सुटल्यासारखं वाटलं.

मग ती थांबली.

श्रीपादला हायसं वाटलं. जिंकलो, असं तो मनात म्हणालाही. मग त्याने नीट पाहिलं. वृंदाची छाती हलत नव्हती. डोळे उघडे होते आणि त्याच्याकडे बघत होते.

त्याने तिला हलवलं. हाक मारली. पाठ चोळली. तिचे ओठ जांभळे होत गेले.

तिने हळूच मूठ उघडली. आत एक विडी होती, घामाने ओली झालेली. तिने ती कधीतरी बाजूला काढून ठेवली असावी.

त्याने ती दिव्यावर धरली. ओली विडी पेटेना. पेटली. त्याने झुरका घेतला.

वृंदाची छाती वर आली.

त्याने धूर सोडला. तिचा श्वास सुटला. दुसरा झुरका, दुसरा श्वास. तिसऱ्याला त्याला खोकल्याची उबळ आली, आणि तो खोकत होता तेवढा वेळ वृंदा तशीच, अर्ध्या श्वासावर थांबून राहिली. त्याने तोंडातलं रक्त गिळलं आणि पुन्हा ओढलं.

विडी अर्ध्यावर आली.

तो ओढत राहणार होता. पण धूर येईना. ओठांत विडी धगधगत होती, पण ती ओढून त्याच्या छातीत काही जाईना. वृंदाचे डोळे मागच्या दाराकडे वळले.

त्याने सरपटत जाऊन विडी उंबऱ्यावर ठेवली.

तिचं टोक लाल झालं. वृंदाची छाती वर आली. टोक काळवंडलं. छाती खाली बसली. पुन्हा लाल. पुन्हा वर. उंबऱ्यापलीकडे अंगण होतं, त्यात कुणी नव्हतं.

घरात दुसरी विडी नव्हती. टपरी फाटकापाशी होती, आणि श्रीपादला दोन पावलं टाकण्याइतकाही दम उरला नव्हता. त्याने आयुष्यात कधी कुणाची विनवणी केली नव्हती. त्याने उंबऱ्यापाशी डोकं टेकलं.

"हळू ओढ रे नाथा," तो म्हणाला. "हळू."

निखारा आता जास्त जास्त वेळाने लाल होऊ लागला. वृंदाचे श्वासही तसेच, लांब लांब पडू लागले. विडीच्या दोऱ्याने पेट घेतला होता.