उघड्या डोक्याचा फेटेवाला

"जरा वाका की," तो म्हणाला.

हॉलभर टाळ्या चालल्या होत्या, कोपऱ्यात हलगी कडकडत होती आणि मॅचची मानकरी ठरलेल्या प्रियदर्शनी मगदूमच्या समोर एक पोरगा खांद्यावर फेट्याचं केशरी कापड टाकून, मान वर करून उभा होता. सहा फुटाला जराशी कमी असलेल्या पोरीपुढे बहुतेक सगळ्यांनाच मान वर करावी लागते. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर त्या दिवसाचा.

कारण त्याच दिवशी सकाळी मावशीच्या घरी कागलचे पाहुणे तिला बघून गेले होते. मुलाचं नाव अनेकांत, इंजिनिअर, बोलायला बरा. पोहे झाले, चहा झाला, फोटोची वेळ आली तेव्हा त्याची आई गोड आवाजात म्हणाली, "पोरीला खुर्चीत बसवा की. पोरगा मागं उभा राहील." सगळे हसले. प्रियदर्शनीही हसली आणि मुकाट्यानं बसली. ते हसू दिवसभर तिच्या घशात अडकून राहिलं होतं. संध्याकाळच्या मॅचमध्ये समोरच्या टीमचा प्रत्येक बॉल तिनं हवेतच हिसकावला तो त्याच रागात.

"वाकायचं न्हाय," ती म्हणाली. "हात पुरत नसतील तर स्टूल आणा."

निवेदकाचा माइक शेजारीच होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. ते वाक्य सगळ्या हॉलनं ऐकलं आणि शिट्ट्यांनी छत डोक्यावर घेतलं. तिला वाटलं, आता हा पोरगा चिडणार, निदान लाजणार. तो निवांत चहाच्या टपरीकडं गेला, चहावाल्याला उठवून त्याचं लाकडी स्टूल घेऊन आला आणि त्यावर चढला.

"आता कसं," तो हळूच म्हणाला. कापडाचा पहिला वेढा तिच्या कपाळावरून गेला. त्याच्या बोटांना कोऱ्या कापडाचा वास होता. "तुम्हाला वरनं कुणी बघितलंय का कधी?"

"न्हाय."

"छान दिसता. भांग मात्र वाकडा हाय."

ती हसली. खरं हसली. घशातलं सकाळचं हसू कुठं गेलं, ते तिलाही कळलं नाही.

महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, तिचा तो पहिलाच हंगाम होता. कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. इथं बास्केटबॉल बघायला कोण येणार, अशी सगळ्यांना शंका. पण 'करवीर वाघिणी' ही टीम घेतली ती मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं, आणि त्याचा हिशेब सरळ होता. मैदान मारणाऱ्या पैलवानाला फेटा बांधतात, मग मैदान मारणाऱ्या पोरीला का नाही? त्यानं हलगी आणली आणि महाद्वार रोडवरच्या श्रीपाल चौगुल्यांना फेट्याचं काम दिलं. श्रीपालअण्णांचे गुडघे दुखायचे, म्हणून आला त्यांचा मुलगा ऋषभ.

त्यानंतर प्रत्येक मॅचला स्टूल आधीच येऊन बसू लागलं. वाका, हा शब्द ऋषभनं पुन्हा कधीच उच्चारला नाही.

शिरोळची ही पोर टीमची सेंटर, म्हणजे बास्केटखालची मुख्य खेळाडू होती आणि घरच्या मैदानावर हटकून चांगली खेळायची. का, ते तिच्या रूममेटला, सबिनाला, बरोबर ठाऊक होतं. एकदा सबिनाच मॅचची मानकरी ठरली. ऋषभनं तिला झोकात फेटा बांधला, आणि त्या रात्री प्रियदर्शनी जेवताना सारखी तिच्या डोक्याकडं बघत होती.

"माझं डोकं तुझ्या लई डोळ्यावर आलंय," सबिना म्हणाली. "काढून ठेवू का?"

"गप बस."

"गप बसतो. पण त्या पोराला एक सांग, मला बांधताना तो तुझ्याकडं बघत होता. पाठीवर सोडायचा शेमला कानात गेला माझ्या."

कोल्हापूरकडच्या पोरी अशाच, 'बसतो', 'जातो', 'येतो' म्हणत बोलतात. त्यात पोरगेपणा नसतो, ऐट असते. ती ऐट प्रियदर्शनीकडं मैदानावर भरपूर होती. मैदानाबाहेर पडली की मात्र तिचे खांदे आपोआप खाली यायचे. लग्नाच्या हॉलमध्ये, बसस्टॉपवर, नातेवाइकांच्या घोळक्यात ती स्वतःला चार बोटं कमी करून उभी राहायची. इतकी वर्षं केलं की सवय होते. ऋषभजवळ उभं राहताना आपण सरळ उभ्या आहोत, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला आधी नवल वाटलं, आणि मग जराशी भीती.

एका सुट्टीच्या दुपारी दोघं रंकाळ्याच्या कठड्यावर बसली होती. मधे तिच्या आईनं पाठवलेल्या बिनलसणाच्या भडंगाची पिशवी.

"एक विचारू?" ती म्हणाली. "जगाला फेटे बांधतोस, तुझं डोकं कायम उघडं. एकदा बी फेट्यात बघितला न्हाय तुला."

"आमच्या घरची रीत हाय. फेटेवाल्यानं आपल्या डोक्यावर फेटा चढवायचा तो फक्त आपल्या लग्नाचा. त्यो बी स्वतः बांधायचा न्हाय. ज्याच्यावर जीव हाय, त्याच्याकडनं बांधून घ्यायचा. अण्णांना त्यांच्या आज्ज्यानं बांधलेला."

"आणि तुला कोण बांधणार?"

ऋषभनं भडंगातला एक शेंगदाणा उगाचच निवडून काढला. "बघू… कुणाचा हात बसतोय."

"मला शिकव की," ती एकदम म्हणाली. बोलून गेल्यावर तिचे कान गरम झाले. "म्हणजे… असंच. आवड म्हणून."

"दर्शनी, मी काय म्हणतोय—"

"काय?"

वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. त्यानं पिशवीत हात घालून एक घास तोंडात टाकला. "भडंगात मीठ जरा कमी हाय," तो म्हणाला.

मग ती चौगुल्यांच्या फेट्याच्या दुकानात जायला लागली. पालथ्या घातलेल्या तांब्याच्या कळशीवर फेटा बांधायला शिकायचं. तिचा पीळ सुटायचा, तुरा पडायचा, शेमला भलतीकडं यायचा. श्रीपालअण्णा गादीवरून बघत. "पोरी, बॉल न्हवं त्यो. कापडाला दाबू नगंस, नुसतं धर." ऋषभ तिचं मनगट धरून वेढा कसा फिरवायचा ते दाखवायचा, आणि वेढा संपला तरी मनगट सोडायचं दोघांच्याही ध्यानात राहायचं नाही. अण्णा मग मोठ्यानं खोकायचे.

शिमगा झाला आणि वारं फिरलं. गुळाच्या व्यापाऱ्याला टीम झेपेना. त्यानं ती परगावच्या एका कंपनीला विकली. नवे मॅनेजर आले, सूटबूट आणि गोड बोलणं. आधी जर्सीचा रंग बदलला. मग हलगीवाल्यांना निरोप मिळाला आणि डीजे आला. मग आले शिवलेले फेटे, टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे, पुढं जाहिरातदाराचं नाव. "वेळ वाचतो," मॅनेजर म्हणाले. ऋषभचा पास बंद झाला. चहावाल्याचं स्टूल परत चहावाल्याकडं गेलं.

आणि मग ती बातमी आली. पुढच्या हंगामापासून टीम इंदूरची. प्रियदर्शनीला दोन वर्षांचा करार देऊ केला होता. शेवटच्या मॅचपर्यंत हो की नाही कळवायचं. तिकडं कागलकरांचाही निरोप होता, पोरगी पसंत आहे, खेळ तेवढा सोडावा. तिच्या आप्पांनी उसाच्या बांधावर उभं राहून फोनवर एवढंच सांगितलं, "बाई, तुझं तू ठरीव. आम्ही हाय."

ती सरळ दुकानात गेली. ऋषभ कापडाच्या घड्या घालत होता.

"इंदूरला बोलावलंय. दोन वर्सं."

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले. "जायला पायजे."

"राहा म्हणत न्हायस?"

"न्हाय म्हणत."

"का?"

"तुला एकदा वाक म्हणालो होतो," तो म्हणाला. "परत न्हाय म्हणणार."

यावर कुठल्याही पोरीचं काळीज विरघळलं असतं. तिचंही विरघळलं. पण त्याच्यापुढं आणखी काहीतरी यायला हवं होतं, आणि ते येत नव्हतं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

त्यानं घडीवर हात फिरवला. "…एवढंच."

ती पायऱ्या उतरून निघून आली. 'राहा' म्हणणारा माणूस तिला नको होता, आणि न म्हणणाऱ्यावर ती चिडली होती. माणसाच्या मनाचं काय करावं! आपल्याला खेळायचं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ऋषभ हवा आहे, हेही तितकंच पक्कं. या दोन्हीपैकी एकच मिळेल असं कुणी म्हटलं नव्हतं. पण दोन्ही मिळेल असंही कुणी म्हणायला तयार नव्हतं.

"तुम्ही दोघं बी घुम्मी," सबिना बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "त्याला वाटतंय, आपण बोललो तर हिच्या पायात येतोय. तुला वाटतंय, त्यानंच बोलावं. एक सांग, रिंगवरनं परतलेला बॉल, रिबाउंड, कुणाचा असतोय?"

"जो उडी मारतोय त्याचा."

"मग मार की!"

शेवटच्या मॅचच्या संध्याकाळी वळीव आला. हॉलच्या पत्र्यावर असा काही वाजायला लागला की डीजेचं कुणाला ऐकू येईना. हलगीची उणीव पावसानं भरून काढली. लोक गच्च बसले होते. टीम जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रियदर्शनी त्या दिवशी रागानं खेळली नाही. एकेक बॉल निगुतीनं घेत, सबिनाकडं देत, परत घेत खेळली. वाघिणी जिंकल्या. मानकरी कोण, हे निवेदकानं सांगायच्या आतच लोक तिचं नाव ओरडत होते.

मॅनेजरांनी शिवलेला फेटा पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, मान राखली आणि सबिनाच्या डोक्यावर ठेवला. मग बाकाखालून आपली बॅग ओढली आणि आतून एक केशरी कापड काढलं. पहिल्या मॅचचं. धुऊन, घडी घालून जपलेलं.

ऋषभ तिकीट काढून तिसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी श्रीपालअण्णा. तिनं माइक घेतला. या वेळी मुद्दाम.

"फेटेवाले पावणं, खाली या."

लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. तो समोर येऊन उभा राहिला, केस पावसानं भिजलेले. सवयीनं कापडाला हात घातला आणि इकडंतिकडं बघितलं.

"स्टूल न्हाय," तो म्हणाला.

"लागत न्हाय. माझी उंची पुरते."

तिनं कापड त्याच्या हातातून काढून घेतलं, टोक दातात धरलं आणि पहिला वेढा त्याच्या कपाळावरून घेतला. ऋषभनं तिचं मनगट पकडलं. हॉलमध्ये हजार माणसं होती, पण तो इतक्या हळू बोलला की फक्त तिलाच ऐकू आलं.

"दर्शनी… आमच्यातली रीत ठाव हाय न्हवं तुला?"

"ठाव हाय."

"मग?"

दातातलं टोक काढून ती म्हणाली, "मग काय? माझा जीव हाय तुझ्यावर. इंदूरला जाणार हाय मी, खेळणार हाय, सुट्टी लागली की परत येणार हाय. दोन वर्सं थांबायचं असंल तर हलू नगंस. नसंल तर आत्ताच सांग, पीळ सुटतोय."

त्यानं मनगट सोडलं. डोळे मिटले. आणि हलला नाही.

पावसाच्या आवाजात तिनं वेढ्यावर वेढा घेतला. दाबला नाही, नुसता धरला. तिसऱ्या रांगेत अण्णा गुडघे विसरून उभे राहिले होते. पदर आणि शेले डोळ्यांना लागले होते. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं नव्हतं, पण काहीतरी होतंय हे कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही.

"पोरी, शेमला उलट्या अंगाला आलाय!" अण्णा वरून ओरडले.

"राहू द्या, अण्णा!" ऋषभ तसाच डोळे मिटून ओरडला. "कुणी हात लावायचा न्हाय!"

मग मात्र हॉल फुटला. हलगीवाला प्रेक्षकांतच बसला होता, त्यानं खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. कंपनीचा फोटोग्राफर धावत आला, दोघांकडं बघून अडखळला आणि तिला म्हणाला, "मॅडम, फ्रेममध्ये जरा… तुम्ही बसता का?"

"न्हाय," ऋषभ म्हणाला. "ती उभी राहणार."

ती उभी राहिली, खांदे सरळ, पूर्ण उंचीची. त्यानं डोक्यावरचा वाकडा फेटा सावरला. तुरा ताठ उभा होता, तेवढा एक जमला होता तिला. तिनं बाजूला बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"तुऱ्यासकट बरोबरीला आलास की रे."

"तुरा मापात धरू नगंस," तो म्हणाला. "मी हाय तेवढाच हाय."

"तेवढाच पायजे," ती म्हणाली, आणि फोटो निघाला.