धोतराची गोधडी

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. पण पायलच्या उजव्या मनगटात आजही सळई आहे. ती का घालावी लागली, हे तिनं मला स्वतः सांगितलं. तिची सासू मथुराबाई माझी चुलत बहीण. तिच्या पाठीवरचे वळ मी या डोळ्यांनी पाहिलेत.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. पोळ्याची कर होती, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. दिवेलागणीची वेळ. जागा म्हणाल तर दारव्ह्याच्या कडेला, नव्या वस्तीतलं नवंकोरं घर.

घरात टाइल्स होत्या, नळ होता, मोठ्या खिडक्या होत्या. भंतेजींनी परित्राण पाठ केला होता, पांढरं सूत सगळ्या खोल्यांतून फिरवलं होतं.

फक्त घराला वास नव्हता.

सिमेंट आणि रंग, एवढंच नाकात जायचं. आणि पायलचं पाच महिन्यांचं लेकरू, अश्वजित, तिथं झोपतच नव्हतं. ताप नाही, पोट साफ, तरी रडून रडून काळंनिळं व्हायचं. दिवसेंदिवस वाळत चाललं होतं.

पायलनं ओव्याची धुरी दिली. अगरबत्त्या लावल्या. दारात मोगरा आणून ठेवला. काही उपयोग झाला नाही.

"याले घर घरावानी वाटूनच नाही राह्यलं," तिचा नवरा संघदीप म्हणाला. तो एसटीत मेकॅनिक. "जुन्या घरी कसा मस्त वास ये. बिडीचा, करंजीच्या तेलाचा. मी मामाकडून सुटीत गेलो का दारातच झोप लागे."

"तुमाले तं सायलेन्सरपाशीबी झोप लागते," पायल म्हणाली.

आपल्याकडे रीत आहे. बाळाचं पहिलं अंथरूण आजोबाच्या धोतराचं. जुनं सूत मऊ असतं, आणि लेकराला घराची ओळख पटते. संघदीपचे वडील उकंडा बैलगाडीखाली सापडून गेले, त्याला बरीच वर्षं झाली होती. पण त्यांच्या धोतराची एक गोधडी उमरखेडकडच्या जुन्या घरात, लोखंडी पेटीत पडून होती.

मथुराबाईनं ते घर सोडताना बजावलं होतं, "इथलं काही न्यायचं नाही. चिंधीबी नाही."

"काहून आई?" संघदीपनं विचारलं.

"नव्या घरात जुनं कायले?"

म्हातारीला नव्या घराचा तोरा आलाय, म्हणून दोघं पाठीमागे हसले होते.

पोळ्याला संघदीप गावी गेला आणि गोधडी थैलीत लपवून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवर आणि सासू विहारात गेल्यावर पायलनं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरली.

वास भपकन घरभर पसरला. करंजीचं तेल. बिडी. आणि त्याखाली आणखी काहीतरी... गंजलेल्या लोखंडासारखं.

अश्वजितला तिच्यावर टाकलं मात्र...

तो गप्प झाला. लगेच झोपला.

पायलचे डोळे भरून आले. ती पीठ मळायला बसली. आता हे घर आपलं झालं, असं तिला वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं...

शेजारचा टीव्ही ऐकू येत नव्हता. बाहेर पोरं खेळत होती, त्यांचाही आवाज नव्हता.

नुसती शांतता. आणि त्या शांततेत...

सप्प.

ओट्यावरचा डबा खाली पडला. त्याच्या पत्र्यावर लांब खोक पडली होती.

तेवढ्यात मथुराबाई दारात आली. उंबऱ्यावरच थांबली. तिनं एकदा श्वास घेतला... आणि दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसली.

मार चुकवायला बसतात, तशी.

"कोनं आणलं हे?"

"आई, लेकरू झोपलं पाहा..."

"लेकराले उचल. बाहीर हो."

पायल वाकली. बाळाच्या उशाशी गोधडी दबली होती. कोणीतरी बसल्यासारखी खोल.

तिनं हात पुढे केला. मनगटावर घाव बसला. कोरडी काडी मोडावी तसं हाड मोडलं. समोर कोणी नव्हतं.

दुसरा घाव तिच्या गालावर आला. ती भिंतीवर आदळली. तोंडात रक्त आलं. तेलाचा वास इतका दाट झाला की तिला ओकारी आली.

मथुराबाई सरपटत गेली आणि बाळावर पालथी पडली.

सप्प... सप्प... सप्प...

लुगडं फाटलं. चोळी फाटली. पाठीवर लाल रेघा उमटत होत्या आणि रक्त नव्या टाइल्सवर ओघळत होतं. म्हातारी ओरडली नाही. तिला सवय होती, हे पायलला तेव्हा कळलं.

बाळ तिच्याखाली झोपेत हसत होतं.

मग मथुराबाईचा हात ओट्याखाली गेला. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तिनं उचलला. वळली. आणि रिकाम्या हवेत, माणसाचं डोकं असतं तिथं, सगळा जोर लावून घातला.

फट्ट...

वाळलेला भोपळा फुटावा, तसा आवाज झाला. पाठोपाठ जमिनीवर काहीतरी जड पडलं.

शेजारचा टीव्ही पुन्हा ऐकू आला.

मथुराबाई धापा टाकत होती. "मांगच्या बारीबी असाच आवाज आलता," ती म्हणाली.

पायलनं डाव्या हातानं लेकरू छातीशी ओढलं.

"गाडीखाली मंग ठेवलं मी त्याले. ते तेल तो चाबकाले लावे, पोरी. बैलाले त्यानं कधी मारलं नाही. संघदीपले कायले मामाकडे धाडलं होतं मी?"

दारात चपला वाजल्या. संघदीप आला होता. आत काय झालंय हे दिसायच्या आधीच त्यानं छातीभर श्वास घेतला आणि हसला.

"आता कसं घरावानी वाटून राह्यलं," तो म्हणाला.

गोधडी त्याच दिवशी नाल्यावर नेऊन जाळली. राखसुद्धा पाण्यात सोडली. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, जिन्यावरून पडली. त्या घराला जिना नाही.

अश्वजित आता पळतो, बोलतो. झोप मात्र त्याला एकाच जागी लागते. दिवे लागले की तो स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात जातो आणि उघड्या फरशीवर गाल टेकतो. पायल ती फरशी रोज फिनाइलनं घासते.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. लेकरू तिथंच झोपलं होतं. पांघरूण सारखं करायला मी वाकलो आणि...

करंजीचं तेल.

मी मथुराबाईकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून नातवाजवळ बसली होती, अजिबात न हलता.

बत्ता तिच्या मांडीवर होता.