भुकेलं पाणी

शंखद्वीपाच्या भूजल प्रयोगशाळेत पडद्यावर बेटाचा नकाशा उजळत होता. प्रशासक अच्युत मालणकर खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत.

"दक्षिणवाडी लाल दाखवा, डॉक्टर. उद्या ती रिकामी करायची आहे."

भूजलशास्त्रज्ञ यामिनी दळवींनी नकाशा मोठा केला. महिनाभर त्यांचं क्षारवेधी विमान बेटावर घिरट्या घालत जमिनीखालचा खारेपणा मोजत होतं. वर्षभरात ठिकठिकाणी जमीन खचली होती. एका विवराने तर चालती बस गिळली होती. दक्षिणवाडीच्या विहिरी खाऱ्या, म्हणजे तिथली जमीन मेलेली, असं सरकार धरून चाललं होतं. तिथली चाळीस घरं मधल्या नवनगरात हलवायची होती.

"दक्षिणवाडी हिरवी आहे," यामिनी म्हणाल्या. "लाल आहे ते नवनगर."

"काहीतरीच! बेटाचं सगळं गोडं पाणी नवनगराखाली आहे."

"म्हणूनच. हे बेट चुनखडकाचं. पावसाचं पाणी मुरताना चुना विरघळवतं आणि संपृक्त होतं, म्हणजे त्याचं पोट भरतं. खालचं समुद्राचं पाणीही संपृक्तच. एकेकटं असताना दोन्ही खडकाला हात लावत नाहीत. पण एकमेकांत मिसळली की मिश्रण पुन्हा भुकेलं होतं."

"दोन जेवलेले पाहुणे भेटले की त्यांना भूक लागते?"

"पाहुण्यांना नाही, पाण्याला लागते. तुमचे पंप गोडं पाणी उपसतात, खालून खारं वर चढतं आणि दोघांच्या सीमेवर खडक पोखरला जातो. दक्षिणेला पाऊस कातळावरून सरळ समुद्रात जातो. खाली नुसतं खारं. मिसळायला दुसरं पाणीच नाही."

मालणकरांनी दार लोटून घेतलं. "तीन हजार माणसं राहतात नवनगरात. घबराट उडेल. तो भाग पांढरा ठेवा."

"नाही ठेवणार."

"मी सांगतोय, डॉक्टर."

"मग सहीही तुम्हीच करा. माझी सही हवी असेल तर रंगही माझेच राहतील."

सकाळी यामिनी दक्षिणवाडीत पोचल्या, तेव्हा होड्या बांधणारी हिरा तांडेल पावसाच्या पाण्याच्या टाकीवर मांडी घालून बसली होती. समोर बुलडोझर घरघरत होता.

"टाकी फोडायची तर माझ्यासकट फोडा!" ती चालकावर ओरडली. मग यामिनींकडे वळली. "तुम्हीपण समजूत घालायला आलात का, बाई?"

"नाही. तुमच्या शेजारी बसायला आले."

टाकीवर बसूनच यामिनींनी सही केलेला नकाशा बेटावरच्या प्रत्येक फोनवर पाठवला. सोबत सरकारचाच आदेश जोडला: 'भूजल नकाशानुसार असुरक्षित भागातील सर्व रहिवाशांना सुरक्षित भागात हलवावे.' आदेशात गावाचं नाव कुठेच नव्हतं. चालकाने तो दोनदा वाचला आणि इंजिन बंद केलं. त्याचं घर नवनगरात होतं.

मालणकरांनी नकाशा खोटा असल्याचं जाहीर केलं. त्याच दुपारी नवनगरची पाण्याची टाकी पायांसकट जमिनीत कंबरभर रुतली. मग कुणी वाद घातला नाही.

लोक गाठोडी, गाद्या, कोंबड्या घेऊन दक्षिणेला आले. मालणकर पत्नीसह आले. त्यांच्याआधी यंत्रं पोचली होती, वस्तीसाठी कातळ फोडून शोषखड्डे खणायला. यामिनी धावत पुढे झाल्या.

"थांबवा! तीन हजार माणसांचं मोरीचं पाणी गोडंच असतं. ते या कातळाखाली मुरलं, की इथेही मिसळणं सुरू होईल. ही जमीन खारी आहे म्हणूनच उभी आहे."

हिरा यंत्राच्या आडवी उभी राहिली. "जागा देऊ. आमच्या पडवीत, होड्यांच्या छपराखाली, कुठंही राहा. पण मोरीचं पाणी आम्ही समुद्रात नेऊन ओततो. तुम्हीही न्यायचं. साहेबांनीसुद्धा."

"नळ टाकून होईपर्यंत तरी..." मालणकर पुटपुटले.

"तोपर्यंत हात आहेत."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मालणकरांनी बॅगा खाली ठेवल्या, बाह्या दुमडल्या आणि विचारलं, "बादली कुठे मिळेल?"