फिल्मखालची रेघ

काचेवर ओरखडा उठतो तो ब्लेडची धार गेल्यामुळे. धार असल्यामुळे नव्हे. लोकांना हे उलटे वाटते. धारदार पाते फिल्म कापते आणि काचेवरून नुसते सरकत जाते. बोथट पात्याला जोर द्यावा लागतो, जोराने त्याचे टोक मोडते, आणि मोडलेल्या टोकाचा दातरा काचेत रुततो. पोलादाचा आणि काचेचा कठीणपणा मोजण्यात माझे निम्मे आयुष्य प्रयोगशाळेत गेले आहे. त्यामुळे या विषयावर कोणी काहीबाही ठासून बोलू लागले की माझे डोके फिरते. त्या दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचे थोरले दीर तसेच बोलत होते.

“बाईच्या हाताला दाब कळत नाही,” ते म्हणाले. “भाजी चिरणं वेगळं आणि काच कापणं वेगळं.”

“काच कोणी कापत नाही, भाऊजी,” बहीण म्हणाली. “फिल्म कापतात.”

“तेच सांगतोय. तू काच कापतेस.”

स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले.

बहिणीचा नवरा बोटीवर असतो. वर्षातला बहुतेक काळ समुद्रात. गाड्यांच्या काचांना काळी फिल्म लावण्याचे हे वर्कशॉप तीच चालवते, स्वतःच्या हाताने. धुळीच्या भीतीने त्या खोलीत पंखा लावत नाहीत. जमीन कायम ओली, वर पांढऱ्या ट्यूब, हवेत साबणाच्या पाण्याचा वास आणि पायांत फिल्मची वेटोळी झालेली कात्रणे. जागा मात्र दिरांच्या नावावर होती, आणि ती एका टायरवाल्याला देण्याचे त्यांच्या मनात कधीचे घोळत होते. गिऱ्हाइकांच्या काचांवर उठलेल्या ओरखड्यांनी त्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले होते.

“आणखी एक काच खराब झाली, की शटर खाली,” जाताना ते म्हणाले. “मग भावाला म्हणावं, प्रयोगशाळेत काम लावून दे.”

ते गेल्यावर मी तिच्यावरच चिडलो. “कुठलं ब्लेड वापरतेस?”

“भाऊजींनी खोकंभर आणून टाकलीत ती. काळी.”

काळे ब्लेड कार्बन पोलादाचे. धारेला उत्तम, पण कठीण आणि ठिसूळ. पांढरे स्टेनलेसचे पाते मऊ असते. त्याची धार लवकर जाते, पण काचेला ते सांभाळून घेते. माझा निष्कर्ष तयार झाला होता. तरी मी तिला कापायला सांगितले. तिने फिल्म काचेच्या बाहेरच्या अंगावर पसरली, चाकू जवळजवळ आडवा धरला आणि त्याच्या स्वतःच्या वजनाने रबराच्या कडेकडेने ओढत नेला. कोपऱ्यावर तिने पाते वळवले नाही. उचलले आणि पुन्हा टेकवले. वळवले की टोक मोडते. मध्येच काचेवर बारीक करकर ऐकू आली. तिने तत्क्षणी हात थांबवला, पकडीने पात्याचा पुढचा तुकडा मोडून डब्यात टाकला आणि नव्या धारेने पुढे गेली.

“ब्लेड बोलायला लागलं की तोडायचं,” ती म्हणाली. “नवराच शिकवून गेला. माणसांना लागू करता येत नाही एवढंच वाईट.”

तिच्या हातात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते. मी खराब काचा मागितल्या.

गिऱ्हाइकांना तिने नव्या काचा बसवून दिल्या होत्या आणि जुन्या मागच्या भिंतीशी उभ्या केल्या होत्या. सगळ्या मागच्या डाव्या दाराच्या. सगळ्या भिंतीकडे तोंड करून.

“अशा उलट्या का ठेवल्यास?”

“जागा कमी लागते,” ती म्हणाली. हे उघडच खोटे होते.

मी भिंग काढले. रेघ पात्याचीच होती, एकसंध आणि उथळ. पण ती काचेच्या कडेला नव्हती, मधोमध होती, जिथे कोणीही चाकू नेत नाही. शिवाय कापण्याचे काम बाहेरच्या अंगावर होते, आणि ही रेघ आतल्या अंगावर, चिकटलेल्या फिल्मच्या खाली होती. मी फिल्म सोलून उजेडात धरली. तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढेही छिद्र नव्हते. खालची काच कापून वरची फिल्म शाबूत ठेवणारे पाते अजून निघालेले नाही.

“या कुठल्या क्रमाने आल्या?”

तिने त्या क्रमाने लावल्या. लावताना ती काचांकडे पाहत नव्हती.

पहिलीवर नुसती एक कमान होती आणि खाली दोन उतरत्या रेषा. पुढचीवर कमानीच्या कडेला लहानसे वळण. त्यापुढचीवर ते वळण कानाचे होते हे कळत होते, आणि कमानीखाली गालाचा उंचवटा. शेवटचीवर कपाळ, नाक, हनुवटी. गाडीत पाठ करून बसलेले कोणीतरी, एकेका गाडीगणिक, सावकाश मान वळवत होते.

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू हसला असतास, दादा.”

“हसलो असतोच!” मी ओरडलो. “आताही हसणार आहे. कोणीतरी तुझा खेळ करतंय, आणि तू काचा उलट्या करून ठेवतेस!”

माझा संशय दिरांवर होता. वर्कशॉपची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. तसे असेल तर सिद्ध करणे सोपे होते. सरावासाठी तिने एका जुन्या गाडीचे मागचे डावे दार लाकडी घोडीवर उभे करून ठेवले होते. पुढे आम्ही, मागे कोरी भिंत. मी काच स्वतः धुतली आणि भिंगाखाली तपासली. फिल्म आम्ही टेबलावर, कागदी नमुन्यावरून कापली. मग खोलीतले प्रत्येक ब्लेड, मोडलेल्या तुकड्यांच्या डब्यासकट, मी माझ्या बॅगेत भरले, चेन ओढली आणि बॅग दोन्ही पायांत धरून उभा राहिलो. बाहेर लख्ख दुपार होती.

“आता लाव.”

“एवढं निरखून तर सासूनंही मला बघितलं नव्हतं,” ती म्हणाली.

तिने फिल्म आतल्या अंगाला चिकटवली आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर लोटू लागली. पाणी कडेने ओघळले. फिल्म काचेला बसत गेली.

मग करकर ऐकू आली.

तिने पट्टी उचलली. करकर चालूच राहिली.

रेघ खालच्या बाजूने सुरू झाली होती. तिला अजिबात घाई नव्हती. ती वर चढली, एका जागी थांबली, उचलली गेली आणि पुन्हा टेकली. वळली नाही. ज्याला हे काम येते त्याचे ते लक्षण.

मी भिंतीकडची बाजू पाहिली. कोणी नव्हते.

मला भीती वाटली असे म्हणणे खोटे ठरेल. मला संताप आला. ज्या नियमांवर मी आयुष्यभर विसंबलो ते कोणीतरी माझ्या डोळ्यांदेखत, सवडीने मोडत होते. मी फिल्मवर खाडकन पंजा मारला.

रेघ थांबली.

मग माझ्या अंगठ्यापासून सुरू करून, एकेका बोटाला वळसा घालत, पंजाच्या कडेकडेने पुढे निघाली.

मी हात काढून घेतला.

तोवर काचेवरची मान पुरती वळली होती. आता दोन्ही डोळे होते.

बहिणीने दारावर जाड चादर टाकली. मग ती म्हणाली, “शटर खाली जाईल ना, दादा?”

“नाही जाणार.”

त्या क्षणी मी ठरवले की खोटे बोलायचे. दिरांना बोलावून घेतले आणि त्यांच्यापुढे काळ्या ब्लेडांचे खोके आपटले. कार्बन पोलाद, कठीणपणा, ठिसूळ टोक, दातरा. यातले प्रत्येक वाक्य खरे होते, आणि त्या रेघांशी एकाचाही संबंध नव्हता.

“स्वस्तातली ब्लेडं तुम्ही आणलीत,” मी म्हणालो. “काचा तुम्ही खराब केल्यात. आणि बोल लावता तिच्या हाताला!”

ते लालबुंद झाले. खोके त्यांनी पायाने बाजूला सारले.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “बाहेर माझी नवी गाडी उभी आहे. तुमच्या मऊ ब्लेडनं हिनं तिच्या काचा करायच्या. माझ्या नाकासमोर. एक जरी ओरखडा उमटला, तर जागा रिकामी. नाही उमटला, तर पुन्हा विषय काढणार नाही.”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. तिला ते नको होते, हे मला स्पष्ट दिसले. मी बॅगेतून पांढरी ब्लेडे काढून तिच्या हातात ठेवली.

मागचे डावे दार तिने शेवटी घेतले. पाते एकदाही बोलले नाही. फिल्म बसली, पाणी निघाले. करकर ऐकू आली नाही. दिरांनी काचेवर टॉर्च मारली, मग नखाने चाचपली. मी भिंगाने पाहिले. काच निर्मळ होती. इतकी निर्मळ काच मी क्वचितच पाहिली आहे.

“जमलं म्हणायचं,” दीर पुटपुटले. मग मोठ्याने, “शब्द म्हणजे शब्द. जागा तुझी. टायरवाल्याला सांगतो दुसरीकडे बघ म्हणून.”

हे बोलणे त्यांना जड गेले असावे. गाडीचे दार त्यांनी दाणकन लावले आणि निघून गेले.

मी आनंदाने बहिणीकडे वळलो. ती सरावाच्या दारापाशी उभी होती. तिने चादर उचलली होती.

काचेवर माझ्या पंजाचा आकार होता. बाकी काही नव्हते.

“पुसलीस?”

“ओरखडा कधी पुसला जातो का, दादा?”

मी भिंग काढत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. दीर हमरस्त्यावरून बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्यामागे टिंग, टिंग, टिंग अशी घंटी एकसारखी वाजत होती.

“वायरिंगमध्ये पाणी घातलंत ना? मागच्या सीटचा दिवा लागलाय. डाव्या बाजूचा. पट्टा लावा म्हणतंय!”

नव्या गाड्यांत मागच्या सीटवरचे वजन मोजले जाते. कोणी बसले आणि पट्टा लावला नाही, की घंटी वाजते.

“सीटवर काही ठेवलंय का?” मी विचारले.

“काही नाही! रुमालसुद्धा नाही. ह्या तुमच्या—”

“भाऊजी,” बहीण म्हणाली, “गाडी थांबवा. उतरा खाली.”

“भर रस्त्यात? वेड लागलंय का तुला?”

घंटी वाजत राहिली. मग तिच्यामागे आणखी एक आवाज आला, एखादी रुंद फीत लांबवर ओढली जावी तसा, अगदी सावकाश. शेवटी खट् झाले.

घंटी थांबली.

“बघा,” दीर समाधानाने म्हणाले. “झाली बंद. आपोआप.”

घंटी दोनच कारणांनी थांबते. सीट रिकामी झाली, किंवा पट्टा लागला. मी फोनजवळ वाकलो आणि त्यांना एवढेच विचारले, की तुमचे हात कुठे आहेत.

“कुठे असणार?” ते खेकसले. “दोन्ही स्टिअरिंगवर.”